कडकनाथ कोंबडीची ३० उबवणीची अंडी कुरिअरने मागवली, पिल्ले निघाली फक्त ४. विक्रेता फोन उचलत नाही. पुन्हा ऑनलाइन मागवू का?

त्याच विक्रेत्याकडून मुळीच नको, आणि दुसऱ्याकडूनही आधी १०-१२ अंडीच मागवा. पण दोष कोणाचा हे अगोदर तपासा. न फुटलेली अंडी टाकली नसतील तर फोडून बघा. मी परसात कोंबड्या पाळतो, दर खेपेला हेच करतो. आत रक्ताचा मागमूस नसेल तर ते अंडे बहुधा फळलेलेच नव्हते, म्हणजे विक्रेत्याची चूक. रक्ताचे कडे किंवा अर्धवट पिल्लू दिसले तर प्रवासातले हादरे, ऊन किंवा तुमचे उबवणी मशीन, यांपैकी काहीही असू शकते. त्यामुळे त्याला सरसकट फसवा ठरवू नका.

पुढच्या वेळी:
- अंडी कधी घातली ती तारीख विचारा. ७ दिवसांपेक्षा जुनी नकोत.
- पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, पैसे यूपीआयनेच द्या. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.
- अंडी आल्या आल्या मशीनमध्ये घालू नका. टोकदार बाजू खाली ठेवून १२ ते २४ तास राहू द्या, हललेली हवेची पोकळी स्थिरावते.
- मशीनमध्ये घातल्यापासून सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावून फोटो काढा, पुरावा राहतो.

कुरिअरच्या अंड्यांतून निम्मी पिल्ले निघाली तरी मी समाधान मानतो. एप्रिल-मेमध्ये तर मागवूच नका. जवळपास खात्रीचा पाळणारा असेल तर स्वतः जाऊन, मांडीवर ट्रे ठेवून आणलेली अंडी केव्हाही चांगली.