मुक्त बाजारपेठेने जगाचं एवढं भलं केलं असेल, तर बहुतेक लोकांना ती का आवडत नाही? अर्थशास्त्र कळत नाही म्हणून?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा दिसतो: मुक्त बाजारपेठेमुळे गरिबी एवढी घटली, तरी लोक तिच्याकडे संशयानेच बघतात, तेव्हा त्यांना अर्थशास्त्र कळत नसणार. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे हे उत्तर माझ्या फार सोयीचं आहे. सगळ्यांनी आमच्या वर्गात येऊन बसावं, की झालं! पण मला ते पटत नाही. अज्ञानाचा वाटा आहेच, त्याकडे नंतर येते.

आधी ‘आवडत नाही’ हे तपासून घेऊ. अमेरिकेत गॅलप ही संस्था अशा पाहण्या अधूनमधून करते. २०२५ मध्ये भांडवलशाहीबद्दल चांगलं मत असलेले ५४ टक्के निघाले. त्याच पाहणीत छोट्या उद्योगांबद्दल चांगलं मत होतं ९५ टक्क्यांचं आणि बड्या उद्योगांबद्दल अवघ्या ३७ टक्क्यांचं. छोटा उद्योजकही धंदा नफ्यासाठीच करतो, भाव ठरवताना तोही गिऱ्हाइकाचा अंदाज घेतोच. तेव्हा खरेदी-विक्री, नफा, स्पर्धा यांच्याशी लोकांचं वाकडं नाही. समोरच्याच्या हातात किती ताकद आहे आणि ती तो कशी वापरतो, त्यावर त्यांचं मत ठरतं.

हे नीट समजून घ्यायचं तर १९८६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तीन संशोधकांनी कॅनडात फोनवरून लोकांना छोटे छोटे प्रसंग ऐकवले आणि ‘हे योग्य की अयोग्य’ एवढंच विचारलं. त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग असा. एक दुकानदार बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला विकतोय. रात्री मोठं हिमवादळ होतं आणि सकाळी तो भाव २० डॉलर करतो. ८२ टक्के लोकांनी हे अयोग्य ठरवलं.

आता पाठ्यपुस्तक काय म्हणतं? मागणी वाढली, माल तेवढाच आहे, भाव वाढणारच. भाव वाढला नाही तर पहिले चार जण दोन-दोन फावडी उचलून नेतील आणि पाचव्याला रिकाम्या हाताने परतावं लागेल. शिवाय चढा भाव बघून दुसरीकडचा माल इकडे येईल. हे सगळं खरं आहे, मी ते दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. आणि दरवर्षी एक गंमत होते. आकृती समजल्यावर बरीच मुलं ‘योग्य’कडे झुकतात. मग मी फावड्याच्या जागी साथीच्या काळातलं औषध ठेवते. तीच आकृती, तेच तर्क, पण हात पटापट खाली येतात.

मुलांची आकृती चुकलेली नसते. फक्त त्यांना ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’ हेही ठाऊक असतं. समोरचा अडलाय हे बघून भाव वाढवणं आणि आपला खर्च वाढला म्हणून भाव वाढवणं, यांत सामान्य माणूस फरक करतो. त्याच अभ्यासात दुसरा प्रसंग होता: घाऊक बाजारात पालेभाजीचा भाव वाढला, म्हणून किरकोळ विक्रेत्याने तेवढीच वाढ गिऱ्हाइकावर टाकली. ७९ टक्के लोकांना यात काही वावगं वाटलं नाही. गिऱ्हाइकाचा खिसा दोन्हीकडे सारखाच हलका होतो, तरी निवाडा उलटा!

पगाराबद्दलचा प्रसंग तर आणखी बोलका आहे. एका छोट्या झेरॉक्सच्या दुकानात एक कामगार तासाला ९ डॉलरवर काम करतो. परिसरातला कारखाना बंद पडतो, बेकारी वाढते, तसंच काम करायला माणसं ७ डॉलरला मिळू लागतात. मालकाने जुन्या कामगाराचा पगार ७ वर आणला, तर ८३ टक्के लोक म्हणतात हा अन्याय आहे. पण जुना माणूस स्वतःहून सोडून गेला आणि मालकाने नव्याला ७ वर ठेवलं, तर ७३ टक्के म्हणतात चालेल. काम तेच, दुकान तेच, पगारही तोच. फरक एवढाच, की जुन्या माणसाशी मालकाचं काहीतरी ठरलेलं होतं आणि नव्याशी नव्हतं. अर्थतज्ज्ञाला यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. व्यवहार करणाऱ्या दोन माणसांमध्ये एक न लिहिलेला करार असतो आणि लोक तो मोडल्याबद्दल चिडतात, भावाबद्दल नाही.

हे सगळं समाजवादी प्रचारामुळे किंवा शाळेत शिकवल्यामुळे होतं का? इथे मला एक फार आवडता पुरावा आहे. १९९० मध्ये, सोव्हिएत संघ अजून शाबूत असताना, अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर आणि दोन सोव्हिएत संशोधकांनी मॉस्को आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांना फोनवर एकसारखेच प्रश्न विचारले. सणाच्या दिवशी फुलांना मागणी वाढते आणि भाव चढतात. विक्रेत्यांनी असा भाव चढवणं योग्य आहे का? मॉस्कोत ६६ टक्के ‘नाही’ म्हणाले. न्यूयॉर्कमध्ये ६८. सत्तर वर्षं सरकारी नियोजनाखाली जगलेलं शहर आणि जागतिक भांडवलाची राजधानी, दोघांचं उत्तर जवळजवळ एकच!

आणि हे आजचंही नाही. इसवी सन ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने शेकडो वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवून दिले, मोडणाऱ्याला देहदंड. फर्मानाच्या सुरुवातीलाच व्यापाऱ्यांच्या हावरटपणावर लांबलचक आगपाखड आहे. (नाण्यांतली चांदी कमी करत नेली होती ती सम्राटांनीच, त्याचा त्यात उल्लेख नाही. महागाईचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची सत्ताधाऱ्यांची कला तेव्हाही तयार होती.) भांडवलशाही हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी ही चीड होती, म्हणून तिला भांडवलशाहीविरोध म्हणणंच मला अडचणीचं वाटतं.

कंपन्यांनाही हे अनुभवाने कळतं. १९९९ मध्ये कोका-कोलाचे तेव्हाचे प्रमुख डग्लस आयवेस्टर एका मुलाखतीत बोलून गेले, की उकाड्यात थंड पेय जास्त हवंसं वाटतं, तेव्हा ते महाग असणं रास्तच आहे आणि पेयं विकणारं मशीन ते आपोआप करेल. एवढा गहजब झाला, की कंपनीला सारवासारव करत बसावं लागलं. गर्दी नसताना सवलत देतो, असं ते म्हणाले असते तर कोणी ब्रही काढला नसता. गणित तेच.

आता अज्ञानाकडे. ते आहे, नाकारण्यात अर्थ नाही. जगभर अत्यंत गरिबीत जगणाऱ्यांचं प्रमाण १९९० मध्ये एक तृतीयांशाहून जास्त होतं, ते २०१९ पर्यंत सुमारे दहाव्या हिश्शावर आलं. पण २०१७ मध्ये हान्स रोसलिंग यांच्या गॅपमाइंडर संस्थेने चौदा देशांत विचारलं, की गेल्या वीस वर्षांत हे प्रमाण वाढलं, तसंच राहिलं की निम्म्यावर आलं? बरोबर उत्तर, म्हणजे निम्म्यावर, फक्त ७ टक्के लोकांनी दिलं. तीन पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला असता तरी याहून बरा निकाल लागला असता. नफ्याबद्दलही तसंच. १९९६ मध्ये अमेरिकेत सामान्य लोक आणि अर्थतज्ज्ञ यांना समान प्रश्न विचारणारी एक मोठी पाहणी झाली. पेट्रोल का महागलं? बहुतेक सामान्य लोक म्हणाले, तेल कंपन्यांना जास्त नफा हवाय म्हणून. बहुतेक अर्थतज्ज्ञ म्हणाले, मागणी-पुरवठा. कंपन्यांना नफा कालही हवा होता आणि परवाही, मग भाव आजच का वाढला, हा साधा प्रश्न लोकांना सुचत नाही हे खरं आहे.

पण न सुचण्याचं कारण बुद्धी नव्हे. बाजाराचे फायदे थोडे थोडे, सगळ्यांमध्ये वाटले जातात, उशिरा पोचतात आणि त्यासाठी आभार मानावेत असा कोणी माणूस समोर नसतो. तोटा मात्र एका ठिकाणी, एका दिवशी, नावानिशी होतो. कारखान्याला कुलूप लागलं त्याची तारीख गावाला पाठ असते. दूरच्या दहा लाख लोकांचा कपडा थोडा स्वस्त झाला त्याची तारीख कोणाकडेच नसते.

आणि बऱ्याचदा त्या गावाचंच बरोबर निघतं. परदेशी स्वस्त मालामुळे नोकरी गेलेले कामगार दुसरीकडे सामावले जातात, थोडा काळ त्रास होतो एवढंच, असं आम्ही अनेक वर्षं छातीठोकपणे शिकवत होतो. २०१३ मध्ये डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी चिनी आयातीचा अमेरिकेतल्या निरनिराळ्या भागांवर काय परिणाम झाला ते मोजलं. ज्या भागांना फटका बसला तिथे बेकारी वाढली, पगार खाली आले, कितीतरी लोकांनी काम शोधणंच सोडून दिलं. १९९० ते २००७ या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या एकूण जेवढ्या नोकऱ्या घटल्या, त्यांतला सुमारे चौथा हिस्सा त्यांनी या आयातीच्या खात्यावर मांडला. ज्यांना आपण अडाणी म्हणत होतो त्यांना हे आकडे येण्याआधीच ठाऊक होतं. देशाचा एकूण फायदा झाला असेलही. पण तो त्या लोकांपर्यंत पोचवायची व्यवस्था कोणी केली नव्हती.

२००८ च्या आर्थिक संकटानंतरचा राग तर मला पूर्ण रास्त वाटतो. अमेरिकी संसदेने वित्तीय संस्थांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या योजनेला मंजुरी दिली. चांगल्या दिवसांतला नफा त्यांचा, वाईट दिवसांतला तोटा सगळ्यांचा. त्यावर डावेही चिडले आणि उजवेही. याला बाजारविरोध म्हणायचं? बुडणाऱ्याला बुडू द्या हे तर बाजाराचंच तत्त्व. लोक ते मागत होते आणि बाजाराचं गुणगान करणारेच त्यातून सूट मागत होते. अर्थशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या ॲडम स्मिथला यात नवल वाटलं नसतं. एकाच धंद्यातले लोक एकत्र जमले, की बोलणं शेवटी जनतेविरुद्धच्या कटावर किंवा भाव चढवण्याच्या युक्तीवर येतं, हे त्याने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय. बाजारावर विश्वास आणि व्यापाऱ्यांवर संशय या दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात सुखाने नांदत होत्या.

काही गोष्टी विकाऊच नसाव्यात, असंही लोकांना वाटतं. मूत्रपिंड विकत घेण्या-देण्याची कायदेशीर व्यवस्था असलेला देश जगात एकच, इराण. तो विषय मोठा आहे, इथे सोडून देते.

मग मतं बदलतात कशाने? पूर्व आणि पश्चिम जर्मनी १९९० मध्ये एक झाले. भाषा एक, इतिहास बराचसा एक, मधली काही दशकं फक्त वेगळी, पूर्वेत साम्यवादी राजवटीखाली गेलेली. एकीकरणानंतर पूर्वेकडचे लोक सरकारकडून जास्त अपेक्षा ठेवत होते. अल्बर्टो अलेसिना आणि निकोला फुक्स-श्युन्डेल्न यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला, की हा फरक पुसला जायला २० ते ४० वर्षं लागतील. म्हणजे एक-दोन पिढ्या. व्याख्यानं देऊन हे काम होणारं नाही.

दुसरं उदाहरण अर्जेंटिनाचं. १९८१ मध्ये ब्युनोस आयर्सच्या वेशीवर सुमारे १८०० गरीब कुटुंबांनी एका मोकळ्या जमिनीवर झोपड्या बांधल्या. जमीन सरकारी आहे असं त्यांना वाटत होतं. ती निघाली अनेक खासगी मालकांची. पुढे सरकारने कायदा करून मालकांना भरपाई देऊ केली आणि जमीन या कुटुंबांच्या नावे करायचं ठरवलं. काही मालकांनी पैसे घेतले, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्या, सारख्याच गरीब कुटुंबांपैकी काहींना मालकी हक्काचा कागद मिळाला आणि काहींना नाही. कोणाची झोपडी कुठल्या मालकाच्या तुकड्यावर पडली एवढ्यावर ते ठरलं. बऱ्याच वर्षांनी राफाएल दि तेल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांना प्रश्न विचारले. कागद मिळालेल्यांची मतं बाजाराच्या बाजूला स्पष्ट झुकलेली होती. अर्थशास्त्र कोणीच शिकलं नव्हतं. आणि त्यांची जी मतं शेजाऱ्यांपेक्षा वेगळी झाली होती त्यांत हेही होतं, की माणूस मोठ्या गटाच्या पाठबळाशिवाय, स्वतःच्या बळावर वर येऊ शकतो. ज्या कागदामुळे त्यांना असं वाटू लागलं, तो निव्वळ नशिबाने आणि सरकारी कायद्याने त्यांच्या हातात पडला होता.