रापणीवरच्या मित्राला पुनरुत्थान सांगताना

बाळा, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या तुझ्या मित्राला पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे येशू मरणातून पुन्हा जिवंत झाला त्याबद्दल, सांगायचंय ना? मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय उघड. रात्रभर जाळं रिकामं, पहाटे त्याच जाळ्यात 153 मोठे मासे, आणि काठावर निखारे पेटवून, मासळी-भाकरी तयार ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावणारा जिवंत येशू! भास कुणाला जेवू घालत नाही रे. हे चित्र त्याला लगेच भिडेल.

तुला स्वतःला शंका आली तर घाबरू नकोस, येशूचा शिष्य थोमा, त्यालाही आली होती. प्रेषित पौल आपल्या पत्रात जिवंत झालेल्या येशूला पाहिलेल्या 500हून अधिक साक्षीदारांबद्दल लिहितो, तेव्हा त्यातले बहुतेक हयात होते. जाऊन विचारता येत होतं.

फक्त वाद घालू नकोस. तुझ्या वयात मी वाद जिंकला आणि मित्र गमावला, ते अजून सलतं. आधी त्याचं ऐक. ईस्टरच्या सकाळी त्याला घरी न्याहारीला बोलाव.