पात्र रंगमंचावर होतं, म्हणून त्याला कळलं असं नाही

‘नाटकातल्या कोणत्या पात्राला केव्हा काय माहीत असतं हे संगणकाने शोधता येतं का, आणि सुरुवात कुठून करू?’ हा तुमचा प्रश्न. शोधता येतं. मात्र कोणाला काय कळलं हे तुम्ही वाचून नोंदवायचं आणि त्या नोंदींचा हिशेब संगणकाने ठेवायचा, अशी वाटणी केली तरच.

पहिल्यांदा एकच नाटक घ्या. शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ उत्तम, कारण सगळा अनर्थ एका रुमालाबद्दल कोणाला काय ठाऊक आहे यावर उभा आहे: कपटी इयागो सेनापती ऑथेल्लोला पटवतो की त्याच्या बायकोने, डेस्डिमोनाने, तो रुमाल कॅसिओला दिला. ड्राकॉर या खुल्या संग्रहात शेक्सपिअरची 37 नाटकं टीईआय एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला खुणेची पाटी (टॅग) लावलेल्या स्वरूपात मिळतात. संवाद कोणाचा हे त्यात नोंदलेलं असतं आणि रंगसूचना वेगळ्या टॅगमध्ये असतात. तिथलं तयार पात्रजाळं या कामाला वापरू नका. ते एकाच प्रवेशात बोलणाऱ्यांना एकमेकांशी जोडतं. गप्प उभं असलेलं पात्र त्यातून गळतं आणि एकमेकांना न भेटलेली पात्रं जोडली जातात.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पाहा. ऑथेल्लो, डेस्डिमोना, तिची दासी आणि इयागोची बायको एमिलिया, आणि इयागो चौघंही त्यात बोलतात. पण रुमाल पडतो तेव्हा इयागो तिथे नाही, आणि एमिलिया तो इयागोला देते तेव्हा ऑथेल्लो-डेस्डिमोना निघून गेलेले आहेत. अख्खा प्रवेश एकक धरला, तर ही देवघेव ऑथेल्लोच्या डोळ्यांदेखत झाली असं ठरेल आणि नाटकाला अर्थच उरणार नाही. म्हणून कोणीही आलं किंवा गेलं की तिथे नवा तुकडा पाडा. जाण्याच्या सूचना हाताने तपासा. संहितेत एखादी राहून गेली असेल, तर ते पात्र प्रोग्रामच्या लेखी शेवटपर्यंत तिथेच उभं राहतं आणि सगळं ऐकतं.

आता 10–12 विधानं निवडा. ‘रुमाल एमिलियाला सापडला’, ‘रुमाल इयागोकडे आहे’, ‘डेस्डिमोनाने रुमाल कॅसिओला दिला’. शेवटचं खोटं आहे, पण तेही हवंच. मग तक्त्यात कळण्याच्या प्रत्येक घटनेची एक नोंद: नाटकातला ओळ क्रमांक, कोणाकडून, कोणाला, कोणतं विधान, कसं (सांगितलं, पाहिलं, चोरून ऐकलं, पत्रातून, तर्काने) आणि त्यानंतरची स्थिती: माहीत, संशय, चुकीची समजूत. प्रेक्षकालाही एक पात्र धरा. पात्र आणि प्रेक्षक यांच्या माहितीतली तफावत मग आपोआप निघते.

खरी कसोटी ‘कसं’ या रकान्यात लागते. चौथ्या अंकाच्या सुरुवातीच्या प्रवेशात ऑथेल्लो आडून इयागो आणि कॅसिओचं बोलणं पाहतो. कॅसिओ त्याच्या प्रेयसीबद्दल, बियांकाबद्दल, हसत बोलतोय. ऑथेल्लोला वाटतं, डेस्डिमोनाबद्दल. घटना एकच, पण नोंदी दोन: प्रेक्षकाची ‘माहीत’, ऑथेल्लोची ‘चुकीची समजूत’. संस्कृत नाट्यशास्त्राने स्वगत (स्वतःशीच), जनान्तिक (इतरांना वगळून आपसात) आणि अपवारित (वळून एकालाच सांगितलेलं गुपित) असे भेद फार पूर्वी केले आहेत. ते जसेच्या तसे रकान्यात घ्या, कारण कोणतं वाक्य कोणाच्या कानावर पडतं हेच ते सांगतात. आणि माहिती फक्त वाढत जाते असं गृहीत धरू नका. ‘शाकुंतला’त दुष्यंत विसरतो आणि अंगठी दिसल्यावर त्याला आठवतं, म्हणजे ‘माहीत’वरून ‘माहीत नाही’कडे जाण्याची सोय तक्त्यात लागते.

एक अंक दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवा आणि कोहेनचा कॅपा (kappa) काढा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून दोघांची सहमती मोजणारा आकडा. नुसती टक्केवारी फसवते. बहुतेक चौकटींत (एक पात्र, एक विधान) ‘माहीत नाही’च असल्यामुळे ती उगाच फुगते. मतभेद सर्वाधिक होतात ते तर्काने कळलेल्या गोष्टींत: नेमकं कोणत्या ओळीला कळलं? तिथे 10 ओळींपर्यंतचा फरक जुळला असं धरा.

‘अ ला माहीत आहे की ब ला माहीत आहे’ ही पातळी सुरुवातीला टाळा. 8 पात्रं आणि 12 विधानं यांच्या 96 चौकटी होतात. दुसऱ्या पातळीला आणखी 672 (8 × 7 × 12). जिथे कारस्थान आहे, तेवढ्याच जोड्या भरा.

भाषा-मॉडेलला (मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या एआयला) विचारणार असाल, तर त्या ओळीपर्यंतचाच मजकूर द्या आणि पात्रांची नावं बदला. प्रसिद्ध नाटकाचा शेवट त्याला आधीच ठाऊक असतो आणि तो उत्तरात झिरपतो. बदललेल्या नावांनीही ते नाटक ओळखू शकतं, म्हणून कमी प्रसिद्ध नाटकावरही चाचणी घ्या.

तक्ता भरला की पांडाजमध्ये (तक्ते हाताळणारी पायथॉन भाषेतली लायब्ररी) नाटकाच्या प्रत्येक ओळीला कोणाला काय माहीत आहे हे काढणं सोपं आहे. पहिली चौकशी ही करा: एखादी गोष्ट माहीत असूनही पात्र कुठे ती माहीत नसल्यासारखं बोलतं? तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे हरवला असेल? एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. तिथून पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ती खरं सांगेपर्यंत, तिच्या समोर रुमालाचा किंवा ऑथेल्लोच्या संशयाचा विषय निघाला ती प्रत्येक ओळ वेगळी काढा आणि एकामागोमाग एक वाचा.