नव्याने नेतृत्व स्वीकारणाऱ्यास आत्मपरीक्षणाविषयी सल्ला

संघाची जबाबदारी प्रथमच आपल्याकडे आली असेल, तर स्वतःच्या गुणदोषांची यादी करण्यापूर्वी आपल्या निर्णयांची नोंद ठेवण्यास सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सुचवलेली पद्धत साधी आहे: महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय घडेल अशी आपली अपेक्षा आहे, ते लिहून ठेवायचे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष परिणामांशी ते ताडून पाहायचे. आपली खरी बलस्थाने आपल्याला वाटतात त्याहून बरीच वेगळी असल्याचे या नोंदींतून अनेकदा दिसते.

मात्र केवळ स्वतःच्या नोंदी पुरेशा नसतात. मानसशास्त्रज्ञ जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘जोहरी खिडकी’त, म्हणजे आपल्याविषयी आपल्याला व इतरांना काय ठाऊक आहे हे चार कप्प्यांत दाखवणाऱ्या आकृतीत, एक कप्पा असा आहे की, त्यातील गोष्टी इतरांना दिसतात, पण आपल्याला दिसत नाहीत. तो उघडण्यासाठी सहकाऱ्यांना ‘मी कसा नेता आहे?’ असे विचारू नये, कारण अधिकारपदावरील व्यक्तीला या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर क्वचितच मिळते. त्याऐवजी ‘कालच्या बैठकीत मी कोणती गोष्ट वेगळ्या प्रकारे करायला हवी होती?’ असे नेमके विचारावे, उत्तर मिळेल तेव्हा समर्थन न करता ऐकून घ्यावे आणि (हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते) त्यातील एक तरी सूचना पुढच्याच बैठकीत अमलात आणावी. सुधारणेसाठी एका वेळी एकच सवय निवडावी, उदाहरणार्थ, इतरांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबणे.