देवावर फारशी श्रद्धा नाही आणि वेगही कमी आहे. तरी बेळगाव ते पंढरपूर मदतफेरीत सायकल घेऊन जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की मित्र आषाढीच्या आधी बेळगावहून पंढरपूरला सायकलनं निघालेत, डायलिसिसच्या रुग्णांसाठी किलोमीटरमागे पैसे गोळा करतायत. पण तुम्ही देव-देव करणारे नाही आणि सगळ्यांत मागे पडाल अशी भीती आहे. माझं उत्तर, जरूर जा. मी अशा फेरीत अकराजणांमधला सगळ्यांत हळू होतो.

आधी श्रद्धेचं. आमच्या घरी वारकरी परंपरा आहे, त्यामुळे माझा हात आपोआप जोडला जातो. पण गटात एक कन्नड शाळेतले सर होते, लिंगायत. मुक्कामात पहाटे उठून तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यांची पूजा चालायची, आणि संध्याकाळी आम्ही हरिपाठ म्हणताना ते मांडी घालून शेजारी बसायचे. एकजण काहीच करत नव्हता, तेवढ्या वेळात तो सगळ्यांच्या चेनला तेल घालायचा. त्याला कुणी काही विचारलं नाही. आपल्या भागात हे नवीन नाही. ज्ञानोबांनी विठ्ठलाला कानडा म्हटलंय, आणि कर्नाटकातले संतकवी पुरंदरदास यांची कन्नड पदं ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेवर, म्हणजे कवीच्या सहीसारख्या नावावर, संपतात.

रस्त्यावर मात्र एका गोष्टीवर विश्वास ठेवावाच लागतो, पुढच्या माणसावर. वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला की बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. पुढच्याच्या मागं हातभर-दोन हात अंतरावर चाक ठेवलं की मागच्याला खूप सोपं जातं. पण मग समोरचा रस्ता दिसत नाही, दिसते फक्त पाठ. खड्डा आला की पुढच्यानं ओरडायचं आणि हात खाली करून दाखवायचं, ते मागं एकेकानं पोचवायचं. हत्तरगीपासून संकेश्वरपर्यंत डावीकडून पावसाळी वारा सुटला होता. मी ज्याच्या मागं होतो त्याच्या पिवळ्या रेनकोटाला खांद्याजवळ उसवलेली शिवण होती. तासभर मी दुसरं काही पाहिलंच नाही. वंटमुरी घाटाच्या उतारावर मात्र असं चिकटू नका. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, तिथं भरपूर अंतर सोडा.

पुढं आलेला माणूस पाच-सात मिनिटांनी बाजूला होऊन शेवटी जातो, दुसरा पुढं येतो. चांगल्या गटात वेग ठरतो तो सगळ्यांत हळू माणसाचा. चिकोडीच्या वाटेवरच्या एका चढाला माझे पाय गळाले, तेव्हा पाठीच्या मधोमध एक तळहात टेकला. सर होते. एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं मला ढकलत होते. मी वळून सॉरी म्हणायला गेलो तर मागून दुसरा ओरडला, “मागं काय बघूलालास बे? आम्ही हाय की!”

अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडून मिरजेला मुक्काम केला. एकूण अंतर अडीचशेच्या आसपास, दोन दिवसांत. दुसऱ्या दिवशी कवठेमहांकाळच्या पुढं माझी मांडी अशी धरली की पायडल फिरेना. चूक माझीच, सकाळपासून धड खाल्लं नव्हतं. (कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गूळ पिशवीत ठेवा, आणि भूक लागायच्या आधी खा.) सोबतच्या टेम्पोत बसलो आणि सतरा किलोमीटरनंतर पुन्हा सायकलवर चढलो.

पैशांची वही सरांकडं होती. सांगोल्यात चहाला थांबल्यावर एकजण म्हणाला, पूर्ण अंतर लिहून टाकूया, पैसे रुग्णांनाच जाणार आहेत. सर म्हणाले, नाही. ज्यानं किलोमीटरमागं दहा रुपये कबूल केलेत, त्यानं रस्त्यावर येऊन मोजलेलं नाही, आपल्या शब्दावर ठेवलंय. माझ्या नावापुढं त्यांनी सतरा कमी लिहिले. मला वाईट वाटलं, रात्री चंद्रभागेच्या वाळवंटातही तेच डोक्यात होतं. ज्यांच्यासाठी निघालो त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चारेक तास मशीनला जोडून राहावं लागतं. त्यांना टेम्पो नसतो.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला दारात घंटी वाजली. अकरापैकी नऊजण सायकली घेऊन उभे होते. सर म्हणाले, “सतरा बाकी हाय.” आम्ही बेळगावजवळच्या काकतीपर्यंत गेलो, परत आलो, आणि मीटरवर थोडं कमी पडलं म्हणून बेळगावच्या किल्ल्याला एक फेरी मारली. सतरा झाल्यावर सरांनी तिथंच खिशातून वही काढली.

तुमच्या मित्रांना निघण्याआधी एवढंच विचारा की सगळ्यांत मागच्याबरोबर कोण असतं. त्यांनी लगेच एखादं नाव सांगितलं तर बिनधास्त जा. दोन जादा ट्यूब आणि मागचा लाल दिवा तेवढा स्वतःचा न्या.