सरकारला कर लावण्याचा अधिकार मुळात आला कुठून?

सुरुवातीला सरळ बळजबरीतून. ज्याच्या हाती सैन्य, तो पीक निघालं की वाटा उचलायचा. संमतीचा मुद्दा आला तो भांडणांतून. इंग्लंडात १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत सरदारांनी जॉन राजाकडून लिहून घेतलं, की राज्यातल्या प्रमुखांच्या सल्ल्याशिवाय ठरावीक कर लावायचे नाहीत. (सामान्य रयत तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हती म्हणा!) पुढे राजा पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० संसद न बोलावताच कारभार हाकला. किनाऱ्यावरच्या गावांकडून आरमारासाठी घ्यायचा पैसा त्याने आतल्या गावांवरही लादला. असली प्रकरणं चिघळत यादवीपर्यंत गेली. शेवटी १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने संसदेच्या मंजुरीविना करवसुली बेकायदा ठरवली. आजही संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प नामंजूर झाला, तर सरकारला सहसा पायउतार व्हावं लागतं.