पर्यटक म्हणून थायलंडला जाऊन शाळेत शिकवण्याची नोकरी धरावी का?

आपल्या पत्रातील हकीकत अशी आहे. आपण परभणी जिल्ह्यातील असून इंग्रजी विषयात एम.ए., बी.एड. झालेल्या आहात आणि विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवता. थायलंडमधील शाळेत इंग्रजी शिक्षिकेची नोकरी लावून देतो, असे सांगून छत्रपती संभाजीनगरच्या एका एजंटाने आपल्याकडून 90,000 रुपये बँकेमार्फत आणि 60,000 रुपये रोख घेतले, तसेच पासपोर्ट व मूळ गुणपत्रके ठेवून घेतली. आता तो म्हणतो की, तूर्त पर्यटक म्हणून जा, वर्क परमिट तिथे पोहोचल्यावर होईल. आणि नकार दिल्यास करारानुसार भरलेले पैसे जप्त होऊन वर एक लाख रुपये दंड द्यावा लागेल.

पर्यटक म्हणून कृपया जाऊ नका. थायलंडमध्ये शिकवण्यासाठी नोकरीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि तेथील शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती परवानगी लागते, आणि व्हिसासाठीची कागदपत्रे नेमणूक करणारी शाळाच पाठवते. शाळेचे नाव आणि नेमणूकपत्र एजंट आजवर दाखवू शकलेला नाही, हीच माझ्या मते आपल्या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब आहे. परवान्याविना काम करताना सापडल्यास 5,000 ते 50,000 बाटपर्यंत दंड होऊन देशाबाहेर काढले जाते, आणि तो दंड एजंटाला नव्हे, आपल्याला होतो. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलेल्या 500 हून अधिक भारतीयांना मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले होते, हेही घरच्यांना अवश्य सांगा.

एजंटाच्या दंडाच्या धमकीला घाबरू नका. खोटे सांगून मिळवलेली संमती भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 19 नुसार आपण रद्द करू शकता, आणि करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी कलम 74 नुसार न्यायालय वाजवी भरपाईपलीकडे काही देत नाही. पासपोर्ट ही कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो अडवून ठेवण्याचा अधिकार खासगी एजंटाला नाही. येणे बाकी आहे म्हणून मूळ गुणपत्रके दाबून ठेवण्याचाही त्याला हक्क नाही, कारण असा सर्वसाधारण धारणाधिकार (येणे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क) करार अधिनियमाच्याच कलम 171 ने बँकर, वकील अशा मोजक्यांनाच दिला आहे.

उत्प्रवासन अधिनियम, 1983 नुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे आणि नोंदणीकृत एजंटालाही 30,000 रुपये व त्यावरील जीएसटीपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आजच तपासा. मात्र या अधिनियमातील कामाच्या व्याख्येत शिक्षकाचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि आपल्या पावतीवर 'मार्गदर्शन शुल्क' असे लिहिले आहे ते बहुधा 'हा कायदा मला लागू नाही' हा बचाव डोळ्यांपुढे ठेवून. म्हणून केवळ या कायद्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरेल.

प्रथम वकिलामार्फत रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवून पासपोर्ट, गुणपत्रके आणि संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत मागा. दाद न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली, म्हणजे सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेल्या फसवणुकीच्या गुन्ह्याखाली, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. घटना संभाजीनगरची आहे, हे कारण सांगून परभणीचे ठाणे आपल्याला परत पाठवू शकत नाही. तरीही नोंद न घेतल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. पैशांसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो, कारण तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

रोख 60,000 रुपयांची पावती नसली, तरी 'साठ मिळाले ताई, तिकिटाचं बघतो' हा एजंटाचा व्हॉट्सॲप संदेश आपल्या हाती आहे. तो संदेश पुसू नका आणि ज्या मोबाइलवर आला तो विकू नका, कारण न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्या संदेशाची व मोबाइलची माहिती देणारे प्रमाणपत्र जोडावे लागते. कागदपत्रे परत देताना एजंट 'माझी कोणतीही तक्रार नाही' अशा मजकुरावर सही मागेल. ती देऊ नका, फक्त मिळालेल्या कागदांची यादी लिहून, तारीख घालून, त्याखाली सही करा.